कात अडकलेल्या कुर्ल्या

जितेंद्र धुरीने नवं औषध आणलं ते बहिणीसाठी. पुढे हे कोणी बोलून दाखवलं नाही, त्यानेही नाही, पण खरं तेच होतं.

खाजणवाडीत धुरींची हापूसची कलमं डोंगराच्या उतारावर आहेत. उतार संपला की माडांची एक पट्टी, तिच्यापुढे खाजण आणि खाजणापलीकडे खाडी. भरतीला खाडीचं पाणी तिवरांच्या मुळांतून आत शिरतं, सुकतीला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात जितेंद्रच्या मोठ्या बहिणीने, रसिकाने, कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, पिंजरे मांडले होते. तिला गावातच दिलेली. नवरा मुंबईत नोकरीला, मुलगी शिकायला बाहेर. घरात बसून काय करायचं म्हणून तिने शेजारच्या सत्यवतीकाकीला आणि आणखी चारजणींना गोळा केलं आणि कुर्ल्या वाढवायला घेतल्या.

काम किचकट. प्रत्येक कुर्लीला वेगळा कप्पा लागतो, कारण एकीने कात टाकली की दुसरी तिला खाते. कुर्ली वाढायची म्हणजे जुनं कवच मागच्या बाजूने उकलून त्यातून अख्खी बाहेर यायची. बाहेर आली की लोण्यासारखी मऊ असते. मग पाणी पिऊन फुगते आणि नवं कवच हळूहळू कडक होतं. रसिका पहिल्यांदा हे बघायला बसली तेव्हा भरतीचं पाणी कमरेपर्यंत चढल्याचं तिला कळलं नव्हतं. सत्यवतीकाकीने ओरडून तिला वर काढलं होतं.

त्या वर्षीच्या थंडीत मोहोर फुटला आणि जितेंद्रने नेहमीसारखी फवारणी घेतली. वारा फिरला. उग्र वासाचा फवारा उतारावरून खाली खाजणात उतरला. सकाळी तिवरांच्या कडेला सुंगटं, म्हणजे कोळंबी, पालथी पडलेली. रसिकाने ती पातेल्यात भरली आणि तशीच कलमांत चढली.

"जितू, ह्या बघ."

जितेंद्र पंप धूत होता. त्याने पातेल्यात बघितलं आणि मान खाली घातली.

"वारो असो फिरतलो, ता माका कसा कळतला गो ताई?"

"तुका कळूक नाय, पण त्यांका कळला ना! आज सुंगटां मेली, उद्या माज्यो कुर्ल्यो मरतल्यो. मगे काय करू? तुज्या दारात येऊन बसू?"

"फवारूक नको तर तुडतुडो सगळो मोहोर खाता."

"मी फवारू नको म्हणना नाय. ह्या असला वासाचा, माणसाक घेरी येता असला, ह्याच होया काय?"

त्या दिवसापासून ते पातेलं त्याच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. पुढचा हंगाम येईपर्यंत तो कुडाळला, सावंतवाडीला जिथे बागायतदारांच्या बैठका होत तिथे जाऊन बसला. एका बैठकीत त्याला नवं औषध कळलं.

ते कीड जाळत नव्हतं. ते किडीला कात टाकू देत नव्हतं. तुडतुड्याचं पिल्लू वाढताना जुन्या कातीतच अडकायचं आणि मरायचं. शिवाय औषध उघडं नव्हतं. ते इतक्या बारीक गोळ्यांत बंद केलेलं होतं की केसाच्या जाडीत शेकड्यांनी शेजारी शेजारी मावाव्यात. नॅनो, असं बैठकीतला माणूस म्हणाला. गोळी पानाला चिकटून राहते, उन्हाने मरत नाही, आतलं औषध थोडं थोडं सोडते. म्हणून मारायचं अगदी कमी. वास नाही, डोळ्यांची आग नाही.

"माशांक काय?" जितेंद्रने विचारलं. हा प्रश्न त्या सभेत त्याने एकट्याने विचारला.

"माशांना काही नाही," तो माणूस म्हणाला. आणि त्यात त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं.

बाटली घेऊन जितेंद्र घरी न जाता आधी बहिणीकडे गेला. घरापुढच्या खळ्यात बसून त्याने झाकण उघडलं आणि तिच्या नाकापुढे धरलं.

"वास बघ."

"येणा नाय," रसिका म्हणाली.

"नायच आसा. तुज्या खाजणात आता काय येवचा नाय."

ती हसली. त्याला जेवायला वाढलं. सोलकढी दोनदा मागून घेतली त्याने.

त्या हंगामात तुडतुडा दिसलाच नाही. मोहोर काळा पडला नाही, फळ धरलं ते टिकलं. दोन अवकाळी पाऊस पडून गेले तरी पुन्हा फवारायची गरज लागली नाही. पलीकडच्या बागेतला निलेश येऊन पानं उलटून बघून गेला. मग एकेकजण येऊ लागला. जितेंद्रने कुणापासून काही लपवलं नाही. किती पाण्यात किती, कुठल्या अवस्थेत, सगळं सांगितलं. ग्रामसभेत उभा राहून तो म्हणाला की जुनी औषधं आता सोडूया, खाली बायका पोटासाठी खाजणात उतरतात, त्यांचाही विचार करूया. लोकांना ते पटलं. पुढच्या वर्षी खाडीच्या बाजूच्या अख्ख्या उतारावर तेच औषध होतं.

त्या दुसऱ्या वर्षीचा पावसाळा मोठा झाला. डोंगराची तांबडी माती व्हाळातून वाहत खाजणात आली, जशी दरवर्षी येते. पाऊस सरल्यावर बायकांनी पिंजरे पुन्हा मांडले, नवी पिल्लं सोडली. पिल्लं खात होती, फिरत होती. रसिकाला वाटलं, यंदा बरं जाणार.

मग कात टाकायची वेळ आली.

पहिली मेलेली कुर्ली सत्यवतीकाकीच्या हाताला लागली. कवच मागून उकललं होतं, मागचे पाय बाहेर आले होते आणि पुढचं सगळं आत. नांग्या जुन्या कवचात अडकलेल्या. ओढून काढावं तसं अंग अर्ध्यावर तुटलेलं. काकी साठीच्या पुढची. नवरा गेल्यावर ह्याच खाडीवर तिने मुलं वाढवलेली.

"असा कधी बघूक नाय," ती म्हणाली. "एखादी अडाकता कधी. पण ही बघ, आणि ही."

पुढच्या कप्प्यातली कुर्ली बाहेर आली होती, पण दिवस उलटले तरी मऊच. बोट लावलं तर खड्डा पडायचा. ती जागच्या जागी थरथरत होती. तिसऱ्या कप्प्यातलीही अडकलेली. त्या आठवड्यात पिंजऱ्यांतल्या बहुतेक कुर्ल्या अशाच गेल्या.

बायकांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाने सगळ्यांच्या वतीने देवीला सांगितलं की लेकरांचं काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे आणि खाडी राख. सत्यवतीकाकीने नारळ ठेवला. नवी पिल्लं आणली. जितेंद्र स्वतः चिखलात उतरला, पिंजरे उचलून खाडीच्या तोंडाकडे नेले, तिथे पाणी जास्त खेळतं म्हणून. ती पिल्लंही पहिल्याच कातीत अडकली.

"पाणी तपासूया," जितेंद्र म्हणाला. तोच बाटल्या भरून प्रयोगशाळेत घेऊन गेला. कागद आला त्यात लिहिलं होतं, कीटकनाशक आढळलं नाही. त्याने तो कागद रसिकाला वाचून दाखवला आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतके दिवस एक शंका त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

इशिता आली ती त्यानंतर. सावंतवाडीची मुलगी, एका महाविद्यालयात शिकवायची आणि तिवरांतल्या कुर्ल्यांवर अभ्यास करायची. रसिकाकडून तिने पूर्वी नमुने नेले होते. मेलेल्या कुर्ल्या तिने खळ्यात वर्तमानपत्रावर मांडल्या आणि एकेक उलटून बघितली.

"वरच्या बागांमध्ये काय फवारता?" तिने विचारलं.

"आमचा औषध चांगला आसा," जितेंद्र म्हणाला. मग तिच्याशी बोलायचं म्हणून त्याने भाषा बदलली. "म्हणजे, नवीन आहे. माशांना काही करत नाही. मी मुद्दाम विचारून घेतलंय. थांबा, दाखवतो." आणि धावत जाऊन बाटली घेऊन आला.

इशिताने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. तिचा चेहरा बदलला. तिने रसिकाकडे काचेच्या दोन बरण्या मागितल्या. एकीत विहिरीचं पाणी भरलं, दुसरीत भरतीचं खाडीचं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले, ढवळले. दोन्ही बरण्यांत पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं झालं. त्या तिने खळ्याच्या कठड्यावर ठेवल्या.

जेवणं झाली. उन्हं कलली. विहिरीच्या पाण्याची बरणी तशीच पांढुरकी होती. खाडीच्या पाण्याची बरणी वरून नितळ झाली होती आणि तळाशी पांढरा साका बसला होता.

"काय झाला ह्या?" रसिकाने विचारलं.

"गोड्या पाण्यात ह्या गोळ्या सुट्या तरंगतात," इशिता म्हणाली. "पावसात झाडावरून, मातीवरून धुतल्या गेल्या की व्हाळातून वाहत येतात. इतक्या बारीक की कुठे अडत नाहीत. पण खारं पाणी लागलं की एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. व्हाळ खाडीला मिळतो तिथे. म्हणजे तुमच्या खाजणात."

"पण पाण्यात काही सापडलं नाही," जितेंद्र म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

"पाण्यात नाहीच आहे. चिखलात आहे. आणि पाणी तपासायच्या आधी ते गाळून घेतात. थोडं काही गढूळ असलं तरी ते गाळणीवरच राहतं."

"पण माशांना..."

"माशांना नाही. मासा कात टाकत नाही." तिने वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. "कुर्ली टाकते. कोळंबीही टाकते. ही सगळी किड्यांचीच भावकी आहे, दादा. औषधाला तुडतुडा कुठला आणि कुर्ली कुठली हे कळत नाही."

जितेंद्र कठड्याला टेकून उभा होता. त्याने खाडीच्या पाण्याची बरणी उचलली, उन्हाकडे धरली, थोडी हलवली. साका उठला आणि डोळ्यांदेखत पुन्हा बसू लागला.

"किती दिवस राहील?"

"पानावर ऊन लागतं, पानं गळतात, तिथे तरी संपतं कधीतरी. चिखलात ऊन नाही, हवा नाही. गोळी तशीच राहते आणि आतलं सोडत राहते. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही. ह्या आपल्या चिखलात कोणी मोजलेलंच नाही."

"काढता येईल?"

"चिखल?" इशिताने त्याच्याकडे बघितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

ती गेल्यावर रसिका भावाला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने बरण्या उचलून मागल्या दारी नेल्या, आणि औषध ओतायचं कुठे हे न कळून तशीच उभी राहिली. विहिरीकडे नको, माडाच्या आळ्यात नको, व्हाळात तर नकोच. शेवटी तिने त्यांची झाकणं घट्ट लावली आणि माळ्यावर ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र उतारावरच्या एकेका बागेत गेला. बरणीत काय बघितलं ते सांगितलं, औषध बंद करूया म्हणाला. लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला. निलेशने शेवटी तोंड उघडलं.

"जितू, गेल्या साली तूच सांगलंस, जुना सोडा. ग्रामसभेत सांगलंस. आता म्हणतस नवा सोडा. मगे मारू काय? पाणी?"

"मी चुकलंय रे."

"तू चुकलंस ह्या तू सांगतस. कागद काय सांगता? कागदात काय गावाक नाय."

"चिखलात आसा ता."

"मगे चिखलाचो कागद घेऊन ये."

इशिताने चिखलही तपासायला पाठवला. उत्तर यायला फार वेळ लागला. चिखलात औषध सापडलं. पण चिखलात किती असलं म्हणजे जास्त, ह्याचा नियमच कुठे लिहिलेला नव्हता. जितेंद्र तो कागद घेऊन कुडाळच्या कृषी कार्यालयात गेला. तिथल्या साहेबांनी त्याला बसवलं, शांतपणे समजावलं. औषध मान्यताप्राप्त आहे, प्रमाण योग्य आहे, कुठल्या बागेतून आलं हे सांगता येत नाही, आणि कुर्ल्या रोगानेही मरतात.

"तुम्ही स्वतः फवारलं होतंत ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

जितेंद्रने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तो कुडाळहून मोटरसायकलने निघाला आणि धामापूरच्या तळ्याशी थांबला. तासभर तो पाण्याकडे बघत बसला. मग घरी आला.

त्या हंगामात त्याने एकट्याने फवारलं नाही. आजूबाजूच्या बागांत औषध, ह्याच्या कलमांत नाही. उतारावर जेवढा तुडतुडा उरला होता तो सगळा ह्याच्याकडे आला. मोहोर चिकट झाला, मग काळा पडला, मग झडला. बायको, दीपिका, खळ्यात झडलेला मोहोर झाडून ढिगाने टाकायची आणि त्याच्याकडे बघायची नाही. रसिकाने पुन्हा एकदा, शेवटची म्हणून, पिल्लं सोडली. भावाने एवढं केलं त्याचा मान ठेवायचा म्हणून.

तीही कातीत अडकली.

ती मेलेली पिल्लं वेचून झाल्यावर रसिका कलमांत चढून आली. ह्या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. जितेंद्र एका काळ्या पडलेल्या कलमाखाली बसला होता. ती शेजारी बसली.

"जितू, फवार तू."

त्याने तिच्याकडे बघितलं.

"तू फवारूक नाय म्हणान काय झाला? निलेश फवारता, सगळे फवारतत. आणि त्यांनी उद्या सोडला तरी खालचा थंयच आसा. तुज्या घरात दोन पोरां आसत."

"तुज्या कुर्ल्यो..."

"माज्यो कुर्ल्यो संपल्यो," ती म्हणाली. "ता आता धरून बसू नको."

"माका वाटलेला, तुज्यासाठी करतंय."

"माका ठावक आसा रे." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणानच माका तुज्यावर रागवाक पण येणा नाय."

तो तिथेच रडला. ती त्याला गप्प करायला गेली नाही.

पिंजरे काढले तेव्हा सहाहीजणी आल्या. सत्यवतीकाकीने आपल्या वाटणीचे पिंजरे कुंपणाला लावले, वेली चढवायला. तिची खाडी सुटत नव्हती. ती रोज सुकतीला जायची, बिळांत काठी घालून बघायची. पूर्वी बिळात काठी घातली की आतून नांगी धरायची. आता काठी तशीच बाहेर यायची. काही महिन्यांनी तिची मुलगी तिला मुंबईला घेऊन गेली. जाताना ती रसिकाला म्हणाली, "चिखल तोच दिसता गो. तोच वास, तोच रंग. माका विश्वासच बसना नाय."

रसिका कुडाळच्या एका काजू कारखान्यात जाऊ लागली. इशिता अजून फोन करते. तिचा अभ्यास चालू आहे. ती प्रामाणिक आहे, म्हणून आशा दाखवत नाही. एका खाडीवरून काही सिद्ध होत नाही, अजून तीन-चार ठिकाणचा चिखल हवा, असं म्हणते. तीन-चार ठिकाणी मिळेल अशी तिला खात्री आहे.

जितेंद्र पुन्हा फवारतो. जे सगळे फवारतात तेच. पण दर उधाणाच्या आधी तो दूरच्या खाडीतल्या कोळ्यांकडून एक जिवंत कुर्ली आणतो, कात टाकायला आलेली, आणि खाजणात एकुलता एक पिंजरा ठेवलाय त्यात सोडतो. ती सुटते का बघायला. घरी त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही. पण रसिका संध्याकाळी गाडीतून उतरते तिथून खाजण दिसतं.

एक दिवस ती घरी न जाता सरळ खाली उतरली. जितेंद्र गुडघाभर चिखलात उभा होता. हातात नवीन आणलेली कुर्ली, नांग्या सुंभाने बांधलेल्या. पिंजऱ्यातली आधीची अर्धी बाहेर, अर्धी आत.

"किती झाल्यो?" रसिकाने विचारलं.

"मोजूक नाय."

"आणि सगळ्यो अश्योच?"

त्याने मान हलवली.

"मगे रे जितू, त्या मुक्या जिवांक आता तरी कित्याक मारतस? दुसऱ्या खाडीत जगत होती ती. तू पकडून हय आणलंस."

पाणी चढू लागलं होतं. त्याने हातातल्या कुर्लीकडे बघितलं. तिला आता परत न्यायला हवं होतं, पण उन्हात इतका वेळ गेल्यावर ती तेवढ्या दूर पोचली नसती. त्याने सुंभ सोडलं, वाकला आणि तिला पिंजऱ्यात न टाकता मोकळ्या पाण्यात ठेवलं.

कुर्ली क्षणभर तिथेच राहिली. मग तिने मागच्या पायांनी चिखल उकरायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात ती अख्खी त्यात शिरली.